ही ऐकत नाही

आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळात दर संक्रांतीला एक गोष्ट सांगितली जाते. ऐंशीच्या दशकात एकदा मोठं हिमवादळ येणार म्हणून टीव्हीवाले घसा कोरडा करून सांगत होते, तरी एका वहिनींनी ‘गूळपोळ्या झाल्यात’ म्हणून कार्यक्रम रद्द करू दिला नाही, आणि अख्खं मंडळ चर्चच्या हॉलमध्ये रात्रभर अडकून पडलं. सांगणारा प्रत्येक जण पदरचं थोडं घालतो. कधी बर्फ कमरेपर्यंत येतो, कधी छातीपर्यंत. लोक पोट धरून हसतात.

त्या वहिनी म्हणजे माझी बायको. वादळ आलं होतं हे खरं, आम्ही अडकलो हेही खरं. पण तिनं हट्ट धरला हे खोटं आहे. ते खोटं माझं आहे, आणि दरवर्षी ते ऐकून मीही हसत आलो आहे. माझी ऐंशी उलटली. आता ते नीट सांगायला हवं.

त्या वर्षांतला आमचा हिवाळा आताच्या मुलांना सांगितला तर त्यांना गंमत वाटते. डेट्रॉइटच्या वायव्येला, नोव्हायच्या बाजूला आम्ही घरं घेतली तेव्हा आजूबाजूला बरीचशी शेतं होती. वारा अडवायला काही नव्हतं. आम्ही बहुतेक जण मोटारीच्या धंद्यातले इंजिनियर. उणे वीस तापमानाला इंजिन कसं सुरू करायचं यावर मी दिवसभर प्रयोगशाळेत काम करायचो, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये माझी स्वतःची गाडी नुसती कण्हायची. मग कोणीतरी आपल्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून ती सुरू करून द्यायचा. मागच्या चाकांना वजन हवं म्हणून डिकीत वाळूची पोती असायची. एकदा भारतातून आलेल्या मेहुण्यानं विचारलं, “भावजी, इथंही बांधकाम काढलंय का?”

हवामानाचा अंदाज हा तेव्हा घरातला एक कार्यक्रमच होता. रात्रीच्या बातम्यांत तो सुटातला माणूस नकाशापुढं उभा राहून हातवारे करायचा. सहा ते दहा इंच म्हणाला की दुसऱ्या दिवशी दुकानातलं दूध, पाव आणि अंडी संपलेली असायची. आमच्या लोकांची धाव दुधाकडे, कारण दही. थंडीत ते लागायचं नाही, मग ओव्हनमधला दिवा चालू ठेवून पातेलं आत ठेवायचं. सकाळी मुलं रेडिओला कान लावून बसायची. बंद राहणाऱ्या शाळांची नावं तिथं वाचून दाखवत, आणि आपल्या शाळेचं नाव आलं की घरात दिवाळीसारखा आरडाओरडा. शेजारचा म्हातारा न सांगता त्याच्या यंत्रानं आमच्याही दारातला बर्फ उडवून द्यायचा. बायको त्याला चिवडा नेऊन द्यायची. तो म्हणायचा, व्हेरी हॉट, आणि डबा रिकामा करून परत द्यायचा.

मंडळाचे कार्यक्रम या सगळ्यातून व्हायचे. गणपतीला हवा छान असे, दिवाळी कशीबशी निभावून जाई, पण संक्रांत नेमकी जानेवारीच्या मध्यात. बायका पैठण्या नेसून यायच्या आणि काठ बर्फाच्या बुटांत खोचलेले असायचे. चपला प्लास्टिकच्या पिशवीत. हॉलच्या दाराशी बुटांचा ढीग आणि पाण्याचं थारोळं. रस्त्यावरच्या मिठाची पांढरी रेघ साडीच्या काठावर उमटायची, ती नंतर किती धुतली तरी जायची नाही. बायकोच्या एका हिरव्या साडीवर ती अजून आहे.

कार्यक्रम रद्द करायचा असेल तर फोनची साखळी होती. अध्यक्ष सचिवाला विचारत, सचिव तिघांना फोन करी, ते तिघे पुढं आणखी तिघांना. असं करत तासाभरात निरोप सगळ्या घरी पोचे.

ज्या वर्षाची गोष्ट आहे त्याच्या आदल्या वर्षीही मीच सचिव होतो. त्या संक्रांतीला टीव्हीवर जोरात बर्फ सांगितला होता. मी घाबरून साखळी फिरवली, सगळं रद्द केलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. एक कण नाही. लोकांनी मला वर्षभर सोडलं नाही. पुण्याच्या वेधशाळेवर जे विनोद होतात ते सगळे माझ्या वाट्याला आले. कुठंही गेलो तरी, “या वेधशाळा! आज छत्री आणू का?” भर जुलैत एकानं विचारलं, “काय मग, पिकनिकला बर्फ आहे ना?” मी हसायचो. पण मला ते लागलं होतं. वाहनं थंडीत कशी चालतील हे ज्याला कंपनी विचारते, त्याला साधा बर्फाचा अंदाज कळत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं.

पुढच्या संक्रांतीला कार्यक्रम शनिवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या झाल्या. बायको आणि तिची जिवाची मैत्रीण. मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचा नवरा माझ्याच विभागात होता. लाटायला ती, भाजायला ही. दोघींचं हसणं खाली तळघरापर्यंत ऐकू यायचं. त्या हिवाळ्यात मैत्रिणीची आई साताऱ्याहून आली होती. तिला आम्ही सगळेच आजी म्हणायचो. खुर्चीत बसून तीळ निवडता निवडता तिनं विचारलं, “बर्फ बर्फ म्हणतात तो पडतो तरी कधी? आल्यापासनं नुसता साचलेलाच बघतेय.”

“आजी, टीव्हीवर सांगतायत, उद्या पडेल,” मी म्हणालो.

“तुम्ही सांगू नका हो भाऊजी,” मैत्रीण म्हणाली, “तुम्ही सांगितलं की ऊन पडतं!”

सगळ्या हसल्या. आजीही हसली, तिला काही माहीत नसताना.

शनिवारी सकाळी आभाळ करडं होतं, पण वारा नव्हता, बर्फ नव्हता. बायको टीव्हीपुढं उभी होती.

“अहो, दुपारनंतर म्हणतोय. वाराही सांगतोय. म्हणजे लोक जेवून निघतील तेव्हा नेमकं गाठणार. फोन लावा, रद्द करा.”

“आणि पोळ्या?”

“पोळ्यांना काय झालंय? गॅरेजमध्ये ठेवते. पुढच्या शनिवारी खाऊ.”

तेवढ्यात फोन वाजला. स्वयंपाकघरातला फोन न उचलता मी खाली तळघरात गेलो आणि तिथला उचलला. का गेलो ते मला आज नीट कळतं. अध्यक्ष होते.

“काय वेधशाळा, काय करायचं? बाहेर तर काही दिसत नाही.”

रद्द करा म्हणायला माझी जीभ उचलेना. होऊ द्या म्हणायचीही हिंमत नव्हती, कारण आज खरंच वादळ आलं तर? मी म्हणालो, “मी तर म्हणतोय रद्द करू. पण ही ऐकत नाही. पोळ्या झाल्यात सगळ्या.”

अध्यक्ष मोठ्यानं हसले. “मग विषयच संपला! वहिनींपुढं आपण कोण? होऊ द्या.”

‘ही ऐकत नाही’सारखी वाक्यं आमच्यात सगळे पुरुष वापरायचे. पार्टीतून लवकर निघायचं असलं की ‘ही कंटाळलीय’. कुणाला ड्रिल मशीन द्यायचं नसलं की ‘हिनं कुठं ठेवलंय कोण जाणे’. बायकाही आमच्या नावावर पुष्कळ काही खपवत. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. मलाही त्या क्षणी आपण खोटं बोललो असं वाटलं नाही. वाटलं, सुटलो.

वर येऊन बायकोला सांगितलं, “अध्यक्ष म्हणतात, करायचंच.”

“कमाल आहे त्यांची,” ती म्हणाली आणि डबे भरायला लागली.

मग पुन्हा तळघरात जाऊन मी माझ्या वाट्याचे तीन फोन केले. कार्यक्रम आहे, हे सांगायला. आणि तिन्ही ठिकाणी तेच वाक्य गमतीनं सांगितलं. त्यातला एक फोन मैत्रिणीच्या नवऱ्याला होता. साखळी चोख होती. तासाभरात मंडळातल्या प्रत्येक घराला कळलं, की वहिनी ऐकत नाहीत.

चर्चचा हॉल अर्धा जमिनीखाली होता, वर छताजवळ बसक्या खिडक्या. मैत्रीण आणि आजी जरा उशिरा आल्या. मी जवळच चहाच्या मोठ्या भांड्यापाशी होतो. मैत्रीण आजीचा कोट काढत बायकोला म्हणाली, “आईला आज आणणारच नव्हते. पण ती म्हणाली, एवढ्या हौसेनं बोलावतेय तर जाऊ या.”

“कोण बोलावतंय?”

“तूच की! भाऊजी रद्द करा म्हणतायत आणि तू ऐकत नाहीस म्हणे. सगळीकडं झालंय ते. फोन करत होते तुला, तर तुमचा आपला सारखा एंगेज.”

बायकोनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी कपात चहा ओतत होतो. कप भरून बशीत सांडला तरी मी ओततच होतो.

मग ती मैत्रिणीकडं वळली आणि हसली. “अगं हो. म्हटलं, एवढं लाटून तुझे हात दुखले, वाया कशाला घालवायचं?”

एवढंच. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

जेवणं चालू असताना खिडक्यांपाशी मुलं ओरडली. बर्फ सुरू झाला होता. आधी मोठे, आळसावलेले पिसांसारखे कण, मग बारीक आणि तिरका. बघता बघता खिडक्या खालून पांढऱ्या होत गेल्या. आजीला कुणीतरी खुर्ची खिडकीखाली सरकवून दिली. ती मान वर करून पाहत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, “आवाजच नाही हो याला.” मला आजीचा तो चेहरा आठवतो. आम्ही सगळे इतकी वर्षं तिथं राहून बर्फाला शिव्या द्यायला शिकलो होतो. तिला पाहून काही जणांनी पुन्हा नव्यानं वर पाहिलं.

हळदीकुंकू, वाण, तिळगूळ सगळं घाईत उरकलं. लोक गाड्यांकडं निघाले. मैत्रीण आणि तिचा नवरा गाडीच्या काचा खरवडत होते. आजी दारात बायकोबरोबर उभी होती. तिची शाल आत खुर्चीवर राहिली होती, ती आणायला बायको आत वळली. तेवढ्यात आजी एक पायरी उतरली. हात लावून बघायचा होता तिला. वाकून तिनं मूठभर बर्फ उचललाही. आणि पाय घसरला.

ती ओरडली नाही. मी धावत गेलो तर आडवी पडून म्हणाली, “वरनं कापूस दिसतो आणि खाली सगळी फरशीच की.” मग उठायला गेली आणि तिचा चेहरा बदलला.

बर्फ सारणाऱ्या ट्रकच्या मागोमाग रुग्णवाहिका आली. आजीला, मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन गेली. त्यानंतर रस्ता बंदच झाला. दोन गाड्या कोपऱ्यावर रुतल्या, त्यांतली माणसं चालत परत आली, आणि आम्ही सगळे पुन्हा हॉलमध्ये.

इथून पुढची गोष्ट मंडळात सांगतात ती बरीचशी खरी आहे. उरलेल्या पोळ्या तूप लावून लावून संपल्या. चर्चच्या मुलांच्या वर्गातल्या चटया अंथरल्या. गाणी झाली, भेंड्या झाल्या, एका डॉक्टरांनी नकला केल्या. माझ्या मुलानं विचारलं, “डॅड, वी कॅन डू धिस एव्हरी इयर, राइट?” पदराच्या आणि कोटांच्या उशा करून मुलं झोपली. सांगायला संकोच वाटतो, पण त्या सगळ्या वर्षांतली ती मला सर्वांत सुंदर वाटलेली रात्र होती. घरापासून इतक्या लांब, चारी बाजूंनी बर्फ, आणि आत आपली माणसं. पुन्हा कधी आम्ही इतके एकत्र नव्हतो.

फक्त बायको त्यात नव्हती. बाहेरच्या बोळात नाण्यांचा फोन होता, तिथं स्टुलावर बसून ती पुन्हा पुन्हा हॉस्पिटलला लावत होती.

दुसऱ्या दिवशी रस्ते उघडल्यावर आम्ही गेलो. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चालू होतं. मैत्रीण बाहेर बाकावर होती, अंगावर कालचीच साडी, काठ मिठानं पांढरे. बायको तिच्याजवळ बसायला गेली तर ती सरकली नाही, पण म्हणाली, “तुझ्या हट्टापायी गं.”

मी दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन समोर उभा होतो. तोंड उघडायला याहून चांगली वेळ नव्हती. बायकोनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती खाली बघत बसली. मी एक कॉफी मैत्रिणीपुढं धरली. तिनं घेतली नाही.

आजी वसंतापर्यंत मुलीच्या घरी पलंगावर होती. बायको डबे घेऊन जायची. दार मैत्रिणीचा नवरा उघडायचा, मैत्रीण वरच्या मजल्यावर असायची. आजी मात्र तिला जवळ बसवून घ्यायची, सगळ्यांना सांगायची की मी बर्फ हातात धरला. मग ती साताऱ्याला परत गेली, विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून. पुन्हा आली नाही. पुढं मैत्रिणीच्या नवऱ्यानं नोकरी बदलली आणि ते शिकागोकडं, शॉमबर्गला गेले. निरोपाला आम्हाला बोलावणं आलं, सगळ्यांना आलं तसं. त्यानंतर नव्या वर्षाची छापील कार्डं, तीही काही वर्षं.

बायकोनं नंतर कधी कुणाशी तशी मैत्री केली नाही. मंडळात ती सगळ्यांशी हसून बोलते. पण स्वयंपाकघरातून तळघरापर्यंत येणारं ते हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. मला ते दिसत होतं. दरवर्षी वाटायचं, या वर्षी शॉमबर्गला फोन करीन. मग वाटायचं, आता कशाला जुनं उकरायचं, आजी तर गेलीच. दरम्यान गोष्ट मोठी होत गेली, तिच्यातून आजीचं पडणं कधी गळून गेलं कळलंही नाही. उरलं ते नुसतं मजेचं.

गेल्या संक्रांतीला इथंच जन्मलेल्या एका तरुण सचिवानं ती स्टेजवरून सांगितली. छान सांगितली. शेवटी म्हणाला, “आणि त्या काकू आज आपल्यात आहेत!” बायको उठून उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गाडीत ती म्हणाली, “पुरे झालं हं आता हे.” रागानं नाही. दमल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली असताना मी शॉमबर्गला फोन लावला. मैत्रीण आता तिथंच मुलाकडे असते. तिनं माझा आवाज ओळखला. मी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं. तळघर, अध्यक्ष, तीन फोन. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “गूळपोळी आठ दिवस टिकते हो भाऊजी.”

तीच पुढं म्हणाली,

“हे मला कळायला नको होतं? मीच लाटल्या होत्या. पोळ्या वाया जातील म्हणून ती कशाला हट्ट धरेल? मी एकदाही हा विचार केला नाही.” मग ती म्हणाली, “आणि तुम्ही कॉफी घेऊन उभे होतात.”

“हो.”

“तिला माहितेय तुम्ही फोन केलाय?”

“नाही.”

“आधी तिला सांगा. मग तिला विचारा, मी फोन करू का. तुम्ही मध्ये पडू नका.”

बायको आल्यावर मी सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती कोट न काढता खुर्चीत बसली.

“मला न विचारता केलात?”

“तू कधी बोलली नाहीस, म्हणून...”

“मी कशी बोलणार? माझा नवरा खोटारडा आहे म्हणून? मी वाट बघत होते. वाटलं, तुम्ही सांगाल. त्या दिवशी हॉस्पिटलात वाटलं, आता सांगाल. मग तिच्या निरोपाच्या दिवशी वाटलं. मग वाट बघणंही सोडलं.” तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “करू दे तिला फोन.”

फोन आला तेव्हा तिनं तो बराच वेळ वाजू दिला. मग उचलला. मला एवढंच ऐकू आलं, “अगं, बोल ना. रडतेस कशाला?” आणि तिनं मला हातानं बाहेर जायला सांगितलं. मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो.

हे लिहिण्याची परवानगी मी तिच्याकडे मागितली. ती म्हणाली, “लिहा. पण मला देवी करू नका. त्या टाळ्या मलाही काही वर्षं आवडल्या होत्या.” मैत्रिणीलाही विचारलं, बायकोमार्फत. तिचा निरोप आला, की आजी पडली ते लिहायचं, आणि तिनं बर्फ हातात धरला होता तेही.

बर्फ आमच्याकडं येतो तो बहुतेक वेळा शिकागोवरून. त्यामुळं या हिवाळ्यात अंदाज सांगणारे काहीही म्हणोत, आमच्या घरी खबर शॉमबर्गहून येते. सकाळी फोन वाजतो, बायको तो कानाला लावून खिडकीपाशी जाते आणि थोड्या वेळानं मला सांगते, “तिच्याकडं सुरू झालाय. आपल्याकडं संध्याकाळी येईल. दूध आणून ठेवा.” माझ्यासाठी काही निरोप आहे का, असं मी विचारत नाही. मी किल्ल्या घेतो आणि दूध आणायला निघतो.